बकुळीभोवतीचा कट्टा: मुळांवर बांधलेला वाफा मागे घेताना

पार्श्वभूमी

ओळख पटू नये म्हणून माणसांचे आणि घराचे तपशील बदलले आहेत. झाडाची मापं बदललेली नाहीत, कारण या प्रकरणातले बहुतेक निर्णय त्या मापांवरच झाले.

घरापुढच्या अंगणात एक जुनी बकुळ. छातीच्या उंचीला दोरी गुंडाळून मोजला तर बुंध्याचा घेर १३८ सेंटिमीटर, म्हणजे व्यास साधारण ४४. फांद्यांचा पसारा बुंध्यापासून चहूबाजूंना साडेचार मीटरच्या आसपास. खाली गवत होतं, पण गर्द सावलीमुळे तेही विरळ आणि पिवळट. ती उघडी जागा घरच्या काकूंच्या डोळ्यांत खुपायची. झाडाभोवती गोल कट्टा, कट्ट्यात माती, मातीत रंगीत फुलझाडं, संध्याकाळी टेकायला जागा, असं चित्र त्यांच्या मनात बरीच वर्षं होतं. पुतण्याने मनावर घेतलं आणि एका हिवाळ्यात चार दिवसांत ते उभं राहिलं.

बुंध्यापासून १.८ मीटरवर विटांचं गोल बांधकाम, उंची ४५ सेंटिमीटर. आत ४० सेंटिमीटरपर्यंत माती. गणित केलं तर ही साधारण चार घनमीटर माती होते, वजनाने पाच टनांच्या घरात. दुसऱ्या कुठल्या तरी खोदकामातून आलेली चिकण माती, थेट बुंध्याला टेकवून भरलेली. तिच्यावर सीझनल फुलांची रोपं, दर हंगामाला उपटून नवी लावायची.

पहिलं वर्ष कौतुकात गेलं. मुळांना झालेली इजा शेंड्यावर दिसायला वेळ लागतो. खोडात आणि जाड मुळांत साठवलेल्या अन्नावर झाड दिवस काढत राहतं. मोठ्या झाडांत लक्षणं तीन ते पाच वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात आणि तोवर जुनं बांधकाम कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. इथे ती दुसऱ्याच वर्षी दिसू लागली. मला बोलावणं आलं तेव्हा कट्टा बांधून सव्वादोन वर्षं झाली होती आणि उन्हाळा तोंडावर होता.

अडचण

बकुळ सदाहरित. तिच्याखाली उभं राहून वर पाहिलं तर आकाशाचे एखाददुसरे तुकडेच दिसायला हवेत. इथे वरचा तिसरा हिस्सा जाळीसारखा झाला होता. शेंड्याच्या काड्या वाळलेल्या, नवी पानं आधीच्या पानांपेक्षा लहान, फुटवे बोटभरही नाहीत. गेटाकडची बाजू जास्त खराब, घराकडची त्या मानाने बरी. हा एका बाजूचा फरक मला पहिल्या भेटीत दिसला, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

घरच्यांचं निदान ‘पाणी कमी पडतंय’ असं होतं. त्यामुळे वर्षभर कट्ट्यात रोज पाइप सोडला जात होता. मध्ये कुणीतरी कीड लागली म्हणून फवारणी सुचवली, तीही झाली. मग खत. पानं मलूल झाली की माणूस पाणी घालतो, यात त्यांची चूक म्हणवत नाही. मुळं गुदमरलेल्या झाडाची पानं तहानलेल्या झाडासारखीच दिसतात, कारण गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही.

तपासणी

बुंध्याकडे पाहिल्यावरच अर्धी गोष्ट कळली. कुठलंही मोठं झाड जमिनीला टेकताना घंटेच्या काठासारखं पसरतं. तो फुगवटा म्हणजे मुख्य मुळांची सुरुवात. इथे बुंधा विजेच्या खांबासारखा सरळ मातीत शिरत होता. फुगवटा गाडला गेला होता.

दाबलेल्या हवेच्या झोताने मुळांना धक्का न लावता माती उडवणारं एअर स्पेड नावाचं यंत्र असतं. ते आमच्याकडे नव्हतं. खुरपी, बांबूची बोथट काडी आणि हात एवढ्यावर बुंध्यालगत एक खड्डा केला. वरची वीतभर माती ओली, चिकट. खाली ४० सेंटिमीटरवर जुन्या गवताचा काळा थर लागला आणि त्याबरोबर सडक्या अंड्यासारखा वास आला. हवा कोंडलेल्या मातीचा हा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. काकू दोन पावलं मागे सरकल्या. “एवढ्या फुलांखाली हे?” एवढंच त्या म्हणाल्या.

गाडलेल्या भागातली साल काळपट आणि मऊ होती. नखाने हलकेच खरवडलं तर बहुतेक ठिकाणी आत हिरवट-पांढरं, म्हणजे जिवंत. एका ठिकाणी मात्र तळहाताएवढा भाग तपकिरी, कोरडा. सालीचं काम उघड्यावर राहण्याचं, ओल्या मातीत राहण्याचं नाही. पानांत तयार झालेलं अन्न तिच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं. साल सडली की खालचा पुरवठा तुटतो.

इथवर सगळा दोष मातीच्या भरावावर ढकलता आला असता आणि मी तसं जवळजवळ सांगूनही टाकलं होतं. पण गेटाकडच्या बाजूचं कोडं सुटत नव्हतं. भराव तर सगळीकडे सारखाच होता. म्हणून पुतण्याला सांगून कट्टा बांधणाऱ्या गवंड्याला बोलावलं.

“दादा, पाया किती खोल घेतला होतात?”

“एक फूट. गेटाकडे जमीन भुसभुशीत लागली म्हणून तिकडे दीड फूट घेतला.”

“मुळं लागली?”

“लागली की. बारीक तर मोजलीच नाहीत. मनगटाएवढी असतील सहा-सात, गेटाकडे जास्त. कुऱ्हाडीने तोडली, तेव्हा कुठे चर साफ झाला.”

त्याने काहीच लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं काही आहे असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

झाडाची मुळं खोल जातात हा समज घट्ट आहे. प्रत्यक्षात बहुतेक मुळं वरच्या ४५ ते ६० सेंटिमीटरांतच असतात, पाणी आणि अन्नद्रव्यं शोषणारी बारीक मुळं त्यातही वरच्या १५ ते ३० सेंटिमीटरांत. ती बुंध्यापासून चाकाच्या आऱ्यांसारखी बाहेर धावतात आणि फांद्यांच्या घेराच्या कितीतरी पुढे जातात. आता त्या चाकात मध्येच एक गोल चर खणला तर काय होईल? तो एकेक आरा छेदतो. बुंध्याकडून बाहेर सरळ जाणारा चर खणला असता तर दोन-चार मुळं गेली असती. सव्वाअकरा मीटर परिघाच्या या चराने सगळ्या बाजूंची वरवरची मुळं १.८ मीटरवर कापली गेली आणि गेटाकडे तर खालचीही.

बांधकामाजवळच्या झाडांसाठी ब्रिटनमध्ये बीएस ५८३७ हे मानक वापरतात. २०१२ च्या आवृत्तीप्रमाणे १.५ मीटर उंचीवरचा बुंध्याचा व्यास गुणिले १२, एवढ्या त्रिज्येचा भाग मुळांसाठी राखून ठेवायचा. कमाल मर्यादा १५ मीटर. आमच्या बकुळीला हे लावलं तर त्रिज्या ५.३ मीटर येते. कट्ट्याचा पाया होता १.८ मीटरवर. त्याच मानकाप्रमाणे २५ मिलिमीटरपेक्षा जाड मूळ जाणकाराला विचारल्याशिवाय तोडायचं नसतं, आणि मनगट म्हणजे त्याच्या दुप्पट.

म्हणजे इजा दोन होत्या. भराव काढता येण्यासारखा होता. पायाने केलेली कापाकापी परत जोडता येणार नव्हती. पुढचे सगळे पर्याय तोलताना हा फरक डोळ्यांसमोर ठेवावा लागला.

पर्याय

पहिला प्रश्न पुतण्याने विचारला आणि तो टाळण्यासारखा नव्हता: झाड पडेल का? जाड मुळं नुसतं पाणी आणत नाहीत, झाड धरूनही ठेवतात. बुंधा कललेला नव्हता, कट्ट्याबाहेर जमिनीला भेगा किंवा फुगवटा नव्हता, जोराच्या वाऱ्यात बुडखा हलताना दिसत नव्हता. घराकडच्या बाजूला खालची मुळं शाबूत असावीत असं एकंदर चित्र होतं. तेव्हा पाडायचं नाही असं ठरलं, पण दोन अटींवर: गेटाकडे गाडी लावायची नाही आणि फांदीला बांधलेला झोपाळा काढायचा. झोपाळ्यावरून घरात बरीच बोलाचाली झाली. शेवटी काढला.

दुसरा पर्याय कट्टा तसाच ठेवून मातीत भोकं पाडून सच्छिद्र नळ्या उभ्या करण्याचा. खर्च कमी, फुलं शाबूत. काकूंचा कल इकडे होता. पण उभी नळी तिच्या आसपासच्या वीतभर मातीला हवा देते, पाच टनांना नाही. आणि बुंध्याला टेकलेली ओली माती तशीच राहते.

तिसरा पर्याय पुतण्याचा: दोन मजूर लावून एका दिवसात सगळं भुईसपाट. मलाही आधी हेच सरळ वाटलं होतं. मग खड्ड्यातलं एक दृश्य आठवलं. पेन्सिलीएवढी बरीच मुळं खालून वर, नव्या मातीत चढली होती. खाली हवा नाही म्हणून झाडाने वर हातपाय पसरले होते. सव्वादोन वर्षांत त्याने कमावलेलं हेच होतं आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर ते एका दिवसात उघडं पाडायचं म्हणजे एक इजा दुरुस्त करताना दुसरी करायची.

चौथा पर्याय, जो घेतला: बुंध्याजवळची माती लगेच काढायची, बाकीचा भराव पावसाळ्यात टप्प्याटप्प्याने उतरवायचा, विटांची भिंत जमिनीपर्यंत पाडायची, पण पाया जमिनीतच राहू द्यायचा.

पायाचा मुद्दा पुतण्याला पटेना. “सगळ्यात जास्त नुकसान त्याने केलं आणि तोच ठेवायचा?” हो. कापलेल्या मुळांच्या टोकांपासून नवी मुळं फुटतात आणि दोन वर्षांत ती पायाच्या विटांना बिलगून, त्यांच्याखालून वाट काढत बाहेर निघाली असण्याची शक्यता दाट होती. पाया उपसायचा म्हणजे तोच चर दुसऱ्यांदा खणायचा.

प्रत्यक्ष काम

मार्चमध्ये बुंध्यापासून ६० सेंटिमीटर अंतरापर्यंतची माती हाताने काढली आणि उरलेल्या भरावाला आत उतार दिला. फुगवटा उघडा पडला. सालीवर काहीही लावलं नाही. गवंडीदादा मुळांच्या जुन्या टोकांना डांबर फासावं म्हणत होते. जुन्या पुस्तकांतही तसं असतं. पण झाड जखम भरून काढत नाही, ते तिच्याभोवती आतून भिंती घालून तिला वेगळं पाडतं. अॅलेक्स शायगो यांनी अमेरिकी वनसेवेत हजारो खोडं कापून ही गोष्ट मांडली. १९७७ मध्ये हॅरोल्ड मार्क्स यांच्यासोबत त्यांनी लिहिलेली पुस्तिका आजही या कामाचा पाया मानली जाते. वरून फासलेला लेप त्या भिंतींना मदत करत नाही, उलट खाली ओल कोंडतो. उघडी साल वाऱ्याने सुकू दिली, तेवढं पुरे होतं.

फुगवटा मोकळा झाल्यावर नवं काही दिसलं. दोन मुळं बाहेर जायचं सोडून बुंध्याला बिलगून गोल फिरली होती. बुंधा आणि मूळ दोन्ही जाड होत जातात तसं असं मूळ सालीला आवळतं, दोरीचा फास बसावा तसं. एक अंगठ्याएवढं, १८ मिलिमीटरचं. ते बारीक करवतीने स्वच्छ कापून काढलं. दुसरं चार सेंटिमीटर जाड, घेराचा पाचवा हिस्सा दाबणारं. ते त्या दिवशी राहू दिलं. एवढी मुळं गमावलेल्या झाडाचं आणखी एक जाड मूळ आपल्या हाताने तोडायला धीर झाला नाही.

पुतण्याने त्याच सुमारास आणखी एक गोष्ट सुचवली: मुळं कमी झाली तर फांद्याही तेवढ्या छाटून समतोल साधावा. हा सल्ला सर्रास दिला जातो. पण नवी मुळं पानांनी केलेल्या अन्नावरच वाढतात. हिरवी पानं काढून मुळांना काय मिळणार? फक्त वाळलेल्या काड्या काढल्या. खतही थांबवलं, कारण नत्राच्या जोरावर पानं फुटली असती आणि त्यांना पाणी पुरवायला मुळं नव्हती.

पावसाला सुरुवात झाल्यावर भराव तीन हप्त्यांत उतरवला: १५, १५ आणि शेवटी १० सेंटिमीटर, मध्ये तीन-तीन आठवडे. कुदळ आणि फावडं अंगणात आणायचंच नाही असा नियम होता. खुरप्याने माती सैल करायची, हाताने घमेल्यात भरायची. ये-जा करायला लाकडी फळ्या टाकल्या, म्हणजे पावलांचा दाब एकाच जागी पडणार नाही. वर चढलेली मुळं शक्य तिथे खाली दाबून पाचोळ्याने झाकली, नाही जमली ती कापली. त्याच दिवशी पाच ते सात सेंटिमीटर जाडीचं सुक्या पाचोळ्याचं आच्छादन, बुंध्यापासून वीतभर जागा सोडून.

इथे दोन चुका झाल्या आणि दोन्ही माझ्या. पहिल्या हप्त्याची माती मजुरांनी तीन मीटरवर ढीग करून ठेवली आणि ती तिथे आठ दिवस राहिली. फांद्यांचा पसारा साडेचार मीटरचा, राखीव भाग ५.३ मीटरचा, म्हणजे एका मुळावरचं ओझं उचलून आम्ही दुसऱ्यावर ठेवलं होतं. मी रोज तिथून ये-जा करत होतो आणि माझ्या ते लक्षात आलं नाही. काकूंनी विचारलं, “ही तिकडे चालते का?” तेव्हा उजेड पडला.

दुसरी चूक दुसऱ्या हप्त्यात. माती उतरवली आणि पावसाने चार दिवस दडी मारली. कडक ऊन. पाचोळा अर्ध्या भागालाच पुरला होता, उरलेला दुसऱ्या दिवशी आणू म्हणून ठेवला. बारीक मूळ उन्हात काही तासांत सुकतं. ओली गोणपाटं टाकली ती तिसऱ्या दिवशी. पाचोळा आधी गोळा करून ठेवल्याशिवाय मातीला हात लावायचा नाही, हे त्यानंतर मी लिहूनच ठेवलं.

भिंत जमिनीपर्यंत पाडली. आतलं पावसाचं पाणी कोंडू नये म्हणून पायाच्या वरच्या थरातली एकेक वीट सहा ठिकाणी काढली.

नवा वाफा

या वेळी काकूंचा संयम सुटला. “म्हणजे पाच टन माती काढून आता पाचोळा बघत बसायचं?” रास्त प्रश्न. त्यांना फुलांचा वाफा हवा होता आणि त्यासाठीच तर सगळं सुरू झालं होतं.

झाडाखाली वाफा होऊ शकतो. फक्त त्याला मातीची भर लागत नाही, काठ लागत नाही आणि तो गोल असेलच असं नाही. मुळांच्या मधल्या जागा जिथे सापडतील तिथे रोपं, बाकी आच्छादन. काकूंनी १४० रोपांची यादी केली होती. पहिल्या हंगामात ४६ लावली.

जागा शोधायला विणकामाची जाड सुई वापरली, काकूंचीच. ती जमिनीत हळूच टोचायची. सहज आत गेली तर जागा मोकळी, अडली आणि अडण्यात किंचित लवचिकपणा जाणवला तर मूळ, टणक अडली तर दगड. दिवसभरात हाताला हा फरक कळायला लागतो. संध्याकाळपर्यंत काकू माझ्यापेक्षा तरबेज झाल्या होत्या. मोकळी जागा सापडली की खुरप्याने मुठीएवढा खड्डा. पेन्सिलीपेक्षा जाड मूळ लागलं तर खड्डा बुजवून वीतभर सरकायचं. एवढ्याशा खड्ड्यात मोठ्या कुंडीतलं रोप मावत नाही, म्हणून छोट्या ट्रेमधलीच रोपं घेतली. ती उघड्यावर बारकी, केविलवाणी दिसतात, पण दोन पावसाळ्यांत मोठ्या रोपांना गाठतात.

निवड करताना तीन गोष्टी पाहिल्या: सावली चालते का, मुळं वरवरची आणि बारीक आहेत का, आणि एकदा लावल्यावर पुन्हा उकरावं लागतं का. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. सीझनल फुलझाडं म्हणजे वर्षातून दोन-तीनदा त्याच जागी खुरपं, त्याच बारीक मुळांवर. ती यादीतून गेली. कर्दळीचे गड्डे दाट पसरतात, म्हणून तीही गेली. राहिले नेचे, स्पायडर प्लांट, गवतासारखं दिसणारं ओफिओपोगॉन आणि फुलांसाठी थोड्या रेन लिली, त्याही उजेड येतो त्या कडेला.

बुंध्यापासून ९० सेंटिमीटरपर्यंत काहीच लावलं नाही. गेटाकडच्या बाजूलाही नाही. जिथे झाड सर्वांत अशक्त तिथे दुसरा वाटेकरी नको. तिथे नुसता पाचोळा, तीन मीटरपर्यंत. नव्या रोपांना थोडं थोडं, वारंवार पाणी लागतं, मोठ्या झाडाला क्वचित पण खोलवर. म्हणून रोपांना झारीने त्यांच्यापुरतं, आणि झाडाला कोरड्या दिवसांत आठवड्या-दोन आठवड्यांनी फांद्यांच्या घेराच्या कडेकडेने. बुंध्यावर पाइप सोडणं बंद. आपल्याकडे बुंध्याशी आळं करून पाणी देण्याची सवय रोपट्यापुरती ठीक. या वयाच्या झाडाची शोषणारी मुळं तिथे फारशी नसतात.

एक अडचण मात्र माझ्या डोक्यातही आली नव्हती. बकुळीची फुलं पहाटे खाली पडतात आणि पाचोळ्यात ती वेचता येत नाहीत, रंगात रंग मिसळून जातो. काकू यावर अडून बसल्या. मी एक पट्टा उघडा ठेवायला निघालो होतो. त्यांनीच उपाय काढला: रात्री पाचोळ्यावर जुनी चादर पसरायची, सकाळी चारी कोपरे धरून उचलायची.

निष्पत्ती

पहिल्या वर्षात झाडावर काहीच फरक दिसला नाही. उलट शेंड्याच्या आणखी काही काड्या वाळल्या आणि घरात माझ्याविषयी शंका सुरू झाली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर घराकडच्या बाजूला फुटवे लांब आले, पानं पुन्हा पूर्वीच्या आकाराची. तिसऱ्या वर्षी त्या बाजूचा जाळीदारपणा बराच भरून निघाला.

गेटाकडची एक मोठी फांदी गेली. तिसऱ्या वर्षी ती कॉलरपाशी, म्हणजे फांदी बुंध्याला मिळते तिथल्या फुगीर कड्याच्या बाहेर कापली, बुंध्याला सपाट नाही. तिकडची मुळं दीड फुटाच्या चरात गेली होती. भराव काढून ती परत येणार नव्हती.

४६ रोपांपैकी ११ मेली, त्यांतली बरीच दुसऱ्या हप्त्यात उन्हात सापडलेल्या भागातली. उरलेली पसरली. पुढच्या वर्षी आणखी ३० लावली, त्याच सुईने. फुगवट्यावरची साल सुकून पूर्वीसारखी खरखरीत झाली आहे. तो तळहाताएवढा मेलेला भाग तसाच आहे, पण वाढलेला नाही. त्याच्या कडेने नवी साल गुंडाळत येते आहे.

वेगळं काय करता आलं असतं

कट्टा बांधण्याआधीच कुणी विचारलं असतं तर, हे सांगायला सोपं. पण तेव्हाही मी काय सांगितलं असतं याचा प्रामाणिक विचार केला. बहुधा ‘माती बुंध्याला टेकवू नका’ एवढंच. पायाचा प्रश्न मी कदाचित विचारलाच नसता. आता कुणी झाडाभोवती कट्टा म्हटलं की माझा पहिला प्रश्न रोपांचा किंवा मातीचा नसतो, ‘काठ कसला करणार आणि तो जमिनीत किती जाणार’ हा असतो. बसायलाच हवं असेल तर चार सुट्या ओंडक्यांवर फळी टाकता येते, चर खणावा लागत नाही. उंचावर रंग हवा असेल तर कुंड्या ठेवता येतात, फक्त त्या अधूनमधून हलवायच्या आणि बुंध्याला खेटून ठेवायच्या नाहीत.

तपासणीचा क्रमही चुकला होता. मी आधी खड्डा केला, मग गवंड्याशी बोललो. उलट करायला हवं होतं. बोलण्याने मुळं तुटत नाहीत. झाडाची एक बाजू दुसरीपेक्षा खराब दिसते तेव्हा त्या बाजूला जमिनीत काय झालं होतं हे सांगणारं कुणी ना कुणी असतंच.

पहिल्या भेटीत फुटव्यांची लांबी मोजून लिहून ठेवली नाही, हेही चुकलं. दुसऱ्या वर्षी सुधारणा होते आहे असं मी म्हणत होतो, घरच्यांना ती दिसत नव्हती, आणि दाखवायला माझ्याकडे एक जुना फोटो सोडून काही नव्हतं.

टप्पे करण्याबद्दल मी अजूनही ठाम आहे, पण तीनऐवजी दोन पुरले असते असं वाटतं. प्रत्येक हप्त्याला लोकांची वर्दळ होते आणि फळ्या टाकल्या तरी ओल्या जमिनीला तिचा भार सोसावा लागतो.

चार सेंटिमीटरच्या मुळाचा निकाल अजून लागलेला नाही. दर वर्षी मी त्याच्या आणि सालीच्या मधल्या फटीत खेळातला एक पत्ता सरकवून पाहतो. पहिल्या वर्षी पत्ता जात होता, गेल्या वर्षी अडकत गेला, या वर्षी जाईना. मुळाचं बाहेरचं टोक शोधलं तर ते घराकडच्या बाजूला जातं, म्हणजे झाड सध्या ज्या बाजूवर जगतं आहे तिकडे. पुतण्या म्हणतो कापा. काकू म्हणतात, आधीच पुष्कळ कापून झालंय. पावसाळ्याला दोन महिने आहेत, तोवर ठरवायचं आहे.